श्वानसाहाय्यित उपचार
सौम्य स्वभावाच्या, प्रशिक्षित कुत्र्याच्या सहवासाचा मानसोपचारात व रुग्णसेवेत केला जाणारा पूरक उपयोग. अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे आलेले एक अबोल मूल त्यांच्या ‘जिंगल्स’ या कुत्र्याशी सहज खेळू लागले. या अनुभवावरून त्यांनी कुत्र्याला सहउपचारक मानणारा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. कुत्रा प्रश्न विचारीत नाही वा दोष काढीत नाही. त्यामुळे रुग्णाचा संकोच ओसरतो आणि उपचारकाशी संवाद सुकर होतो. अंधांचा मार्गदर्शक कुत्रा एकाच व्यक्तीस साहाय्य करतो. उपचारश्वान मात्र मालकासमवेत रुग्णालये, वृद्धाश्रम इ. ठिकाणी अनेकांना भेटतो. त्यासाठी लसीकरण, स्वच्छता व कुत्र्यास पुरेशी विश्रांती आवश्यक असते. हा दिलासा मूळ उपचारांची जागा घेऊ शकत नाही.