तायक्वांदो : काळ्या पट्ट्यानंतरचा प्रवास

बेंगळुरूच्या निवासी वसाहतींमधून संध्याकाळी पांढऱ्या गणवेशातील मुलामुलींचे तायक्वांदोचे वर्ग सर्रास आढळतात. पुणे, ठाणे वा नागपूर येथील चित्र वेगळे नाही. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तांबडा असे पट्टे ओलांडत मूल काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचते आणि आपले अपत्य आता 'चॅम्पियन' झाले, अशी पालकांची समजूत होते. वस्तुतः खेळाडूची खरी कारकीर्द तेथून पुढे सुरू होते.

मूळच्या कोरियातील या क्रीडाप्रकाराचे जागतिक केंद्र असलेली 'कुक्कीवॉन' ही संस्था १९७२ साली सेऊल येथे उभी राहिली व १९७३ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला. १९८८ (सेऊल) व १९९२ (बार्सिलोना) या ऑलिंपिक स्पर्धांत तायक्वांदोचे केवळ प्रदर्शनीय सामने झाले; २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून त्याला पदकांचा दर्जा मिळाला. तेव्हापासून पॅरिस २०२४ पर्यंत एकाही भारतीय तायक्वांदोपटूला ऑलिंपिकच्या मॅटवर उतरता आलेले नाही. ज्या देशात हा खेळ गल्लोगल्ली शिकविला जातो, तेथे ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे.

त्यामागील एक कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. पट्टा मिळतो तो तंत्राच्या परीक्षेतून. पदक मिळते ते लढतीतून. धडावरील ठोशाला एक गुण, धडावरील लाथेला दोन, डोक्यावरील लाथेला तीन. आणि हीच लाथ गिरकी घेऊन मारली तर अनुक्रमे चार व पाच गुण. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंचांच्या निर्णयांवरून मोठे वादंग झाले. क्यूबाच्या एंजेल मातोस याने तर पंचालाच लाथ मारली व तो आजन्म बंदीस पात्र ठरला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून धडावरील इलेक्ट्रॉनिक कवच आघाताची नोंद स्वतःच करू लागले. २०१६ पासून शिरस्त्राणही तसेच झाले. परिणामी सरावाची पद्धतच पालटली. ज्या खेळाडूच्या केंद्रात असे कवच नाही, त्याला आपली लाथ गुण देते की नाही हे कळावे तरी कसे? हा खर्च बहुसंख्य खाजगी वर्गांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

अशा परिस्थितीतही काही नावे पुढे आली. २००२ च्या बुसान आशियाई क्रीडास्पर्धेत, म्हणजे प्रत्यक्ष कोरियाच्या भूमीवर, सुरेंद्र भंडारी याने सर्वांत हलक्या वजनगटात कांस्यपदक मिळविले. मात्र अधिक बोलकी कारकीर्द आहे ती हरियाणातील भिवानी जिल्ह्याच्या दिनोद गावची अरुणा तंवर हिची. अरुणाच्या हातांच्या बोटांची वाढ जन्मतःच अपुरी आहे. वडील व्यवसायाने वाहनचालक. आरंभी ती सर्वसाधारण गटात खेळत असे, पुढे पॅरा-तायक्वांदोकडे वळली. या प्रकारात डोक्यावर लाथ मारण्यास मनाई असते व ठोशाला गुण नसतात, त्यामुळे सारी भिस्त पायांवर. २०१९ मध्ये तिने जागतिक पॅरा स्पर्धेत कांस्यपदक पटकाविले. टोकियो पॅरालिंपिकमध्ये (२०२१) हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला आणि विशेष प्रवेशिकेद्वारे अरुणा भारताची पहिली प्रतिनिधी ठरली. सर्बियाच्या प्रतिस्पर्धिणीवर तिने २९-९ असा विजय मिळविला. उपान्त्यपूर्व फेरीत मात्र पेरूच्या लिओनोर एस्पिनोझाकडून पराभव झाला व दुखापतीमुळे पुढील लढत सोडावी लागली. एस्पिनोझाच त्या गटाची सुवर्णपदकविजेती ठरली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत अरुणाने कांस्यपदक मिळविले. पॅरिसमध्ये २०२४ साली दुखापतीनेच पुन्हा घात केला. गुडघा व घोटा हेच या खेळाडूचे भांडवल. त्याच्या देखभालीसाठी क्रीडावैद्यकाची जोड किती अनिवार्य आहे, हे या दोन प्रसंगांवरून ध्यानात यावे.

उपजीविकेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. केंद्र शासनाच्या गट 'क' मधील पदांवर गुणवंत खेळाडूंची थेट नियुक्ती करण्याची तरतूद असून तिच्या क्रीडासूचीत तायक्वांदोचा समावेश आहे. महाराष्ट्रातही शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. परंतु तेथे पट्ट्याचा रंग विचारात घेतला जात नाही. देशाचे, राज्याचे, विद्यापीठाचे वा शालेय संघाचे प्रतिनिधित्व केल्याचे, सक्षम संघटनेने दिलेले प्रमाणपत्र लागते. नेमके येथेच अनेकांचे नुकसान झाले आहे. तायक्वांदोच्या राष्ट्रीय पातळीवर अधिकृत संघटना कोणती, हा वाद वर्षानुवर्षे चालला. समांतर 'राष्ट्रीय' स्पर्धांचे पीक आले. अशा स्पर्धेतील पदक घरातील कपाटात शोभते, नियुक्तीच्या वेळी मात्र ग्राह्य धरले जात नाही.

म्हणून पालकांनी प्रवेश घेतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : प्रशिक्षकाची अर्हता कोणती, केंद्रात इलेक्ट्रॉनिक कवचावर सराव होतो काय, आणि ज्या स्पर्धांना मुलांना पाठविले जाते त्या जिल्हा व राज्य संघटनेच्या अधिकृत शृंखलेत मोडतात काय. शालेय क्रीडास्पर्धांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. बेंगळुरूमध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे दक्षिण विभागीय केंद्र ज्ञानभारती परिसरात आहे.