ओल, बुरशी आणि मुलांचा श्वास

आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. याच काळात वाशिम जिल्ह्यातील अनेक घरांच्या भिंतींना ओल येते, कोपऱ्यांत काळी बुरशी धरते आणि दमा वा अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची धाप वाढते. ‘हवा बाधली’ म्हणून अंगारा लावणे आम्हांस मान्य नाही. तथागतांनी दुःखाचे कारण शोधावयास शिकविले. येथे कारण ओल आहे.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात; मात्र ओलाव्यावाचून ते रुजत नाहीत. म्हणून डागांवर रंग देण्यापूर्वी गळके छप्पर, झिरपणारा नळ व भिंतीलगत साचणारे पाणी यांचा बंदोबस्त करावा. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवावी. भिंतीवरील बुरशी साबणाच्या पाण्याने घासून भिंत कोरडी करावी. हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये. इतरांनीही मास्क लावावा. ब्लीचिंग पावडर व अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

पेट्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. उघडीप मिळताच गोधड्यांना ऊन दाखवावे. सोयाबीनचे ओलसर कुटार घरात साठवू नये. एकाच खोलीचे घर असल्यास रुग्णाचे अंथरूण निदान कोरड्या भिंतीकडे असावे. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर मनाने बंद करू नये.

रात्रभर खोकणारे मूल सकाळी वर्गात शिकू शकत नाही. कोरडी भिंत हीदेखील शिक्षणाचीच सोय होय.