हाक कुठे अडते?

कोल्हापुरात मिरजकर तिकटीकडून मंगळवार पेठेत शिरलं की थोड्याच अंतरावर आमचं घर. माळ्यावरच्या खोलीत रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक चोवीस तास चालू असतो. त्यावर वायरगार्ड हा व्हीपीएन सर्व्हर. दुकानाचे हिशेब घरच्या संगणकावर, आणि ते बघणारा भाचा पुण्यात. त्याला तिथून सुरक्षितपणे घरच्या नेटवर्कमध्ये येता यावं, एवढ्यासाठी ही मांडणी.

जुनं कनेक्शन बदलून फायबर घेतलं, नवा राउटर आला आणि त्याच आठवड्यात भाच्याचा फोन. "मामा, ॲप चालू दाखवतंय, पण काहीच उघडत नाही."

वायरगार्डचं ॲप हँडशेक, म्हणजे दोन्ही टोकांची चाव्यांवरून ओळख पटणं, झालेला नसतानाही 'चालू' दाखवतं. शिवाय अनोळखी चावी घेऊन आलेल्याला सर्व्हर नकारही कळवत नाही, तो गप्प राहतो. बाहेरच्याला इथे काही आहे याचा सुगावाही लागू नये, म्हणून तो मुद्दाम तसा घडवला आहे. सुरक्षेला हे फार चांगलं. पण चावी चुकली, राउटरने अडवलं की हाक पोचलीच नाही, हे पुण्यात बसलेल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून हाक नेमकी कुठवर येते, हे शोधायचं.

आधी घरच्याच वायफायवरून, १९२.१६८.१.७ या पायच्या आतल्या पत्त्यावर फोन जोडला. लगेच हँडशेक. म्हणजे चाव्या बरोबर, सर्व्हर जागा. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटा लावला आणि पायवर टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन चालवून ५१८२० या पोर्टवर नजर ठेवली. पडदा कोरा. एकही पॅकेट नाही. इथे बरेच जण पुन्हा चाव्या बनवतात, सर्व्हर नव्याने बसवतात. ती मेहनत फुकट जाते. हाक दारातच आली नसेल, तर घरातल्या माणसाला दोष देऊन काय उपयोग?

राउटरमध्ये एक चूक सापडली, आणि ती माझीच. पोर्ट फॉरवर्डिंग करताना टीसीपी निवडलं होतं, वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतो. ते सुधारलं. पडदा तरीही कोरा.

मग राउटरचं वॅनचं, म्हणजे बाहेरच्या जोडणीचं पान उघडलं. तिथला पत्ता १०० ने सुरू होणारा, पुढे ७२. 'माझा आयपी कोणता' सांगणाऱ्या साइटवर मात्र वेगळाच. खरं कारण इथे होतं.

जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि रस्त्यावर दरवाजा एकच, तसं घरचं नेटवर्क. राउटर हा तो दरवाजा, आणि आलेलं टपाल कुठल्या बिऱ्हाडाला द्यायचं याची सूचना म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पण आमचा वाडाच आणखी एका मोठ्या कोटाच्या आत होता, आणि त्या कोटाच्या वेशीवर आमची सूचना चालत नव्हती. याला सीजीनॅट म्हणतात: पत्ते अपुरे, म्हणून अनेक घरांना मिळून बाहेरचा पत्ता एकच. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा अशा सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. आतून बाहेर जाणाऱ्याला काहीच जाणवत नाही: व्हिडिओ चालतात, पैसे पाठवता येतात. बाहेरून आपणहून आत येऊ पाहणारा तेवढा वेशीवर अडतो.

कंपनीला फोन केला तेव्हा आधी "पोर्ट ओपन आहेत" हेच उत्तर मिळालं. "पब्लिक आयपी आहे का?" असं विचारल्यावर खरी गोष्ट कळली. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला. दोन दिवसांनी राउटर बंद करून चालू केला, तेव्हा वॅनच्या पानावरचा आणि साइटवरचा पत्ता एकच होता. नवा पत्ता भाच्याच्या ॲपमध्ये भरायला सांगितला आणि टीसीपीडंपकडे बघत बसलो. १४८ बाइटचं पॅकेट आत आलं, ९२ बाइटचं उत्तर बाहेर गेलं. पुण्यात हिशेबाचं पान उघडलं.

घरी सर्व्हर ठेवायचा असेल, तर कनेक्शन घेण्याआधी एवढं नक्की विचारा: पब्लिक आयपी मिळेल का, आणि त्याचे किती?