ज्योत विझते, कापूस धुमसतच राहतो

वडनेर भोलजीसारख्या गावात आगीची धास्ती हंगामाप्रमाणे बदलते. दिवाळीच्या आगेमागे वावरात लावलेली सोयाबीनची सुडी. मग घरात कडेपर्यंत भरलेला कापूस. उन्हाळा लागला की गोठ्याशेजारचं कुटार आणि कडब्याची गंजी. बांधावर पेटवलेली पऱ्हाटी वाऱ्याने शेजारच्या वावरात गेली तर भांडण वेगळंच. गाव महामार्गावर आहे, त्यामुळे बंबाला रस्ता आहे. पण बंब नांदुऱ्याहून नाहीतर मलकापूरहून निघणार, आणि तो पोचेपर्यंत सुडीची राख झालेली असते. अशा ठिकाणी कुणी मोबाईलवर ‘नुसत्या आवाजाने आग विझली’ असा व्हिडिओ दाखवला, तर माणसं तो दोनदा बघणारच. पाणी नको, पावडर नको, टाकी भरायची कटकट नको.

तो व्हिडिओ खोटा नाही, हे आधी सांगायला हवं. 2015 साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सेठ रॉबर्टसन आणि व्हिएत ट्रान या इंजिनिअरिंगच्या दोन विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे उपकरण बनवलं. एक अॅम्प्लिफायर, एक स्पीकर आणि आवाज एका दिशेला नेणारं नळकांडं. तव्यातल्या स्पिरिटची ज्योत त्यांनी 30 ते 60 हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाने विझवून दाखवली. व्हिडिओ जगभर फिरला. गडबड झाली ती त्याच्याखाली लोकांनी जे लिहिलं आणि पारावर जे बोललं गेलं, त्यात.

“आवाज आगीचा ऑक्सिजन ओढून घेतो”

सगळ्यात जास्त ऐकू येणारं स्पष्टीकरण हेच, आणि ते चुकीचं आहे. हिशेब साधा आहे. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल. कान दुखायला लागतात अशा 120 डेसिबलच्या आवाजात त्या दाबात होणारा चढउतार असतो फक्त 20 पास्कलचा, म्हणजे पाच हजारांत एक भाग. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो आणि बहुतेक ज्योती तो 15 टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर मरतात. पाच हजारांत एक भागाच्या चढउताराने तिथवर पोचता येत नाही. शिवाय आवाजात हवा पुढे जाते तशी मागेही येते, कुठे निघून जात नाही.

मग ज्योत विझते कशी? जळतं ते द्रव नव्हे, त्याच्यावर उठणारी वाफ. वाफ आणि हवा जिथे भेटतात त्या पातळ पट्ट्यात ज्योत राहते आणि तिची उष्णता खाली जाऊन आणखी वाफ उठवते. ही देवाणघेवाण चालू आहे तोवर ज्योत जिवंत. खर्जातला जोरदार आवाज त्या पट्ट्यातली हवा सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा मागेपुढे हलवतो. पट्टा ताणून पातळ होतो, ज्योत इंधनावरून सरकते, उष्णता आजूबाजूच्या गार हवेत वाटली जाते आणि साखळी तुटते.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने 2008 पासून या विषयावर काम केलं आणि 2012 मध्ये प्रयोग जाहीर केला: दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये द्रव इंधनाची ज्योत. त्यांनी दोन कारणं मांडली. हवेचा वेग वाढून ज्वलनाचा पट्टा पातळ होतो, हे एक. दुसरं मात्र चक्रावून टाकणारं: आवाजाने इंधनाचा पृष्ठभागही ढवळला जातो आणि वाफ जास्त उठते. त्यामुळे ज्योत पसरते खरी, पण तेवढीच उष्णता जास्त जागेत विभागली जाऊन तापमान उतरतं. हे मोठ्या आगीला कसं लागू करायचं ते स्पष्ट नाही, असं त्यांनी त्याच वेळी सांगून टाकलं होतं. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी नेमकं एवढंच गाळलं.

“मग डीजेच आणून उभा करा की!”

हा टोमणा असला तरी प्रश्न रास्त आहे. मिरवणुकीत डीजेची गाडी समोरून गेली की छाती हादरते, पत्रे थरथरतात. पण त्याच मिरवणुकीतली आरतीच्या ताटातली निरांजनं जळतच राहतात.

याचं उत्तर हवा किती हलते यात आहे. 120 डेसिबलचा, 40 हर्ट्झचा आवाज मोकळ्या हवेत चालला असेल तर हवेचा कण आपल्या जागेवरून जेमतेम पाव मिलिमीटर इकडे आणि पाव मिलिमीटर तिकडे हलतो. ज्योत उखडायला तेवढं पुरत नाही. तेवढ्याच जोराची कर्कश, 4000 हर्ट्झची शिट्टी असेल तर ही हालचाल आणखी शंभरपट कमी. म्हणून या प्रयोगांत नेहमी खर्जाचेच सूर असतात आणि म्हणूनच शिट्ट्या, भोंगे, सायरन यांचा इथे काही उपयोग नाही.

मग व्हिडिओत कसं जमलं? ज्योत स्पीकरच्या अगदी तोंडाशी होती म्हणून. मोठ्या वूफरचा पडदा पुरेसा जोर दिला तर सेंटिमीटरभर आतबाहेर होतो, आणि त्याची हवा अरुंद तोंडातून काढली तर ती वेगाने बाहेर फेकली जाते. ज्याच्याकडे वूफरची पेटी असेल त्याने तिच्या गोल भोकापाशी हात धरून बघावा. गाण्याच्या ठेक्याला तळहातावर वारा लागतो. मेणबत्ती धरली तर ती फडफडते, कधी विझतेही. हात दीड-दोन फूट मागे घेतला की वारा संपतो. आवाज मात्र तेवढाच मोठा वाटत राहतो. विझवण्याचं काम करतो तो हा वारा, आणि तो लांब जात नाही. आवाज जातो, पण उघड्यावर अंतर दुप्पट झालं की तोही साधारण 6 डेसिबलने उतरतो. दोन पुरुष उंचीच्या ज्वाळा निघणाऱ्या गंजीच्या दहा फुटांपेक्षा जवळ कुणाला उभं राहता येत नाही. तिथून हे उपकरण निव्वळ गोंगाट आहे. ड्रोनला स्पीकर बांधून सातपुड्यातला वणवा विझवण्याच्या कल्पनेचंही हेच.

गोंगाटाचाही हिशेब आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. ज्योत हलवायला लागणारा आवाज त्याच्या कितीतरी वर, थेट कानाला इजा करणाऱ्या पातळीचा असतो. शिवाय उपकरणाला वीज लागते, आणि आग लागल्यावर कुठल्याही जिनिंगमध्ये पहिला हात मेन स्विचकडे जातो.

“ज्योत गेली म्हणजे आग विझली”

कापसाच्या मुलखात हाच गैरसमज महागात पडतो. बाकीचे गैरसमज गमतीचे म्हणून सोडून देता येतील, हा येणार नाही.

ज्या हवेने दिवा विझतो तिच्यानेच चूल पेटते. फुंकणीने निखारे फुलवताना आजी नेमकी जोरात हवाच घालत असते. दिव्याची ज्योत वाफेवर जगते; ती वातीवरून उडवली की संपली, कारण वातीत पुन्हा पेट घेण्याइतकी उष्णता उरत नाही. निखाऱ्याचं जळणं पृष्ठभागावर असतं. त्याला ज्योत नसली तरी चालते. त्याला हवी असते हवा आणि आतली धग. स्पीकर निखाऱ्यासमोर धरला तर तो फुंकणीचंच काम करण्याचा धोका आहे.

कापूस हा निखाऱ्याच्या जातीचा. मलकापूर-नांदुरा-खामगाव हा पट्टा जुना कापूस पिकवणारा. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा 1870 साली पडला तोच मुळी कापसासाठी. त्यामुळे इथल्या जुन्या कामगारांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला की ठिणगी उडते. ती हवेच्या पाइपातून रुईबरोबर पुढे जाते आणि प्रेसमध्ये दाबली जाते. आपल्याकडे गाठ साधारण 170 किलोची. बाहेरून ती पांढरीशुभ्र, आणि आत ठिणगी तंतूंमध्ये अडकलेल्या हवेवर कूर्मगतीने सरकत असते. धूर दिसायला काही तास लागतात, कधी काही दिवस. पाणी मारलं तरी पटकन आत जात नाही, कारण कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि पाणी वरून ओघळतं. म्हणून पाण्यात साबणासारखा ओलावा मुरवणारा पदार्थ मिसळतात, पट्ट्या तोडतात, गाठ उसकटून आतपर्यंत भिजवतात आणि बाकीच्या मालापासून लांब उघड्यावर नेऊन टाकतात. कष्टाचं, घाणेरडं, धुराने डोळे चुरचुरवणारं काम. त्याला आवाजाचा काय, कशाचाच शॉर्टकट नाही.

धुमसता कापूस काय करू शकतो, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात भयंकर उदाहरण मुंबई बंदरातलं आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. त्यात सुमारे 1400 टन स्फोटकं होती आणि त्यांच्याच सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. बंबांनी शेकडो टन पाणी ओतलं, पण आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. गाठी आतल्या आत जळत होत्या. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो याच जवानांच्या आठवणीसाठी. त्या दिवशी गोदीत पाण्याचा तुटवडा नव्हता की माणसांच्या हिमतीचा. गाठीच्या पोटातल्या धगीपर्यंत पोचता येत नव्हतं. तिथे पाणी पोचलं नाही, तर आवाज काय पोचणार होता?

“हा अगदी नवा शोध आहे, कंपन्या दाबून ठेवताहेत”

दाबून ठेवण्यासारखं काही नाही. 1858 साली जॉन लेकॉन्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं आहे की एका घरगुती मैफलीत गॅसच्या दिव्याची ज्योत चेलोच्या सुरांबरोबर उड्या मारत होती. त्यानंतर इंग्लंडमध्ये जॉन टिंडलने आवाजाला दचकणाऱ्या ज्योतींवर व्याख्यानं गाजवली. 1905 मध्ये जर्मनीच्या हाइनरिश रुबेन्सने भोकं पाडलेल्या नळीत गॅस सोडून ध्वनिलहरींचा आकार ज्योतींच्या रांगेत दाखवला. हा प्रयोग कॉलेजांतून आजही करून दाखवतात. ज्योत आणि आवाज यांचं नातं दीडशे वर्षं जुनं आहे. अडलंय ते मोठ्या आगीपाशी.

यालाच जोडून तानसेनाचा दाखला हमखास येतो: दीपक रागाने दिवे लागले, मल्हाराने दाह शमला. कथा म्हणून ती ऐकायला मलाही आवडते. पण नेहमीच्या बोलण्यातला दाब 120 डेसिबलच्या आवाजाच्या हजाराव्या हिश्शाएवढा असतो. गवयाने कितीही दमदार आवाज लावला तरी ज्योतीपाशी धरलेला वूफर त्याच्या पुढेच राहील. आणि कथेतही आग शमवली ती मल्हाराने आणलेल्या पावसाने, म्हणजे शेवटी पाण्यानेच.

“म्हणजे हे सगळं बिनकामाचं”

असंही नाही. जिथे आग लहान, बंदिस्त आणि द्रव किंवा वायूची असेल, आणि पाणी-पावडरीने होणारं नुकसान आगीपेक्षा मोठं असेल, तिथे याला जागा सापडू शकते: जहाजाची बंद खोली, विमानाची केबिन, यंत्रांचं कपाट. अंतराळयानातही विचार करण्यासारखं आहे, कारण गुरुत्वाकर्षणाशिवाय पावडर किंवा फेस सगळीकडे तरंगत बसतो. घरच्या कढईतल्या तेलाने पेट घेतला तर मात्र जुनाच उपाय उत्तम. गॅस बंद करायचा, वर घट्ट झाकण ठेवायचं, पाणी अजिबात ओतायचं नाही आणि तेल निवेपर्यंत झाकण उचलायचं नाही.

उद्या कुणी आपल्या भागातल्या जिनिंगवाल्याकडे असं यंत्र विकायला आला, तर तो प्रात्यक्षिक ताटलीतल्या स्पिरिटवर दाखवेल आणि ज्योत खरोखर विझेल. मालकाने टाळ्या जरूर वाजवाव्यात. मग आवारात मणभर रुई दाबून रचावी, मध्ये एक ठिणगी सोडावी, दोन तास थांबावं आणि त्याला म्हणावं, आता यावर चालवा. पैशांचं बोलणं दुसऱ्या दिवशी, ढीग उसकटून आत हात घातल्यावर करावं.