हेड-हेवी रॅकेट घेतली, तरी स्मॅश का बसत नाही?

सुट्टी लागली की कसबा बावड्यात संध्याकाळी गल्लीत दोन खांबांना दोरी बांधून बॅडमिंटन सुरू होतं. त्यातलं एखादं पोरगं पुढे हॉलवर जायला लागतं आणि महिनाभरात घरी मागणी येते, ‘स्मॅशसाठी हेड-हेवी रॅकेट पाहिजे.’ तीन-चार हजार मोजण्याआधी हे वाचा.

मुठीच्या वर दांडा सुरू होतो तिथे बारीक अक्षरात ‘४यू’ वगैरे छापलेलं असतं. ते वजन. बहुतेक कंपन्यांत ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४, ५यू ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन कमी, इथेच अनेक जण फसतात. शेजारचा ‘जी’ मुठीच्या जाडीचा.

पण नुसत्या ग्रॅमवरून काही ठरत नाही, ते ग्रॅम कुठे आहेत हे बघायचं. तालमीत गदा फिरवलेल्याला हे समजावावं लागत नाही. दांड्याच्या टोकाला धरून गदा फिरवताना घाम फुटतो, गोळ्याजवळ धरली तर पोरंही फिरवतात. वजन तेच. फिरवण्याचा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. मनगटापासून २५ सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम ५० सेंटिमीटरवर नेला, तर फिरवायला चौपट जड.

मग डोकं जड असलं की फटका जोरात बसणारच ना? इथे शटलचं वजन आडवं येतं. ते ५ ग्रॅमच्या आसपास, नियमाने ४.७४ ते ५.५०. समजा फटक्यात रॅकेटच्या डोक्याचे ३० ग्रॅम कामी आले. ते ३३ केले आणि हात त्याच वेगाने फिरला, तर शटलचा वेग वाढतो जेमतेम सव्वा टक्का. उलट हाताचा वेग १० टक्क्यांनी वाढला, तर शटलचाही जवळपास तेवढाच वाढतो. म्हणजे जड डोक्याचा फायदा ते तेवढ्याच वेगाने फिरवू शकणाऱ्यालाच. तेरा वर्षांच्या मुलाचा हात मागे राहतो, शटल डोक्यामागे लागतं, फटका बाहेर जातो आणि वर खांदा दुखतो तो वेगळाच.

सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने एप्रिल २०२३ मध्ये जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रमी स्मॅश मारला. (सामन्यात नव्हे, मोजणीसाठी घेतलेल्या चाचणीत.) हातात होती कंपनी हेड-लाइट गटात विकते ती रॅकेट! आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ते आजच्या कार्बनच्या रॅकेटपेक्षा बऱ्याच जड लाकडी रॅकेटच्या काळात.

बॅलन्स घरीच बघता येतो. रॅकेट एका बोटावर आडवी तोला आणि मुठीच्या बुडापासून त्या बिंदूपर्यंत टेपने मोजा. साधारण २९५ मिलिमीटर म्हणजे समतोल, ३०० च्या पुढे हेड-हेवी, २८५ च्या आत हेड-लाइट. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. तारा भरल्या की हा बिंदू १२-१३ मिलिमीटर डोक्याकडे सरकतो, म्हणून तारा भरलेल्या रॅकेटची तुलना कोऱ्याशी करू नका. वर ५ ग्रॅमची ग्रिप गुंडाळली की तो ११-१२ मिलिमीटर मुठीकडे येतो. गंमत अशी, की ग्रिपने आकडा बदलला तरी फिरवण्याचे कष्ट बदलत नाहीत, कारण ते वजन हातातच असतं. डोक्याला चिकटवलेली दोन ग्रॅमची पट्टी मात्र लगेच जाणवते.

शिकणाऱ्या मुलासाठी माझा कौल ४यू किंवा ५यू, समतोल, तारा २० ते २४ पौंड ताणाच्या. सैल तारेला उसळी जास्त असते. दुकानात हवेत दोनदा फिरवून रॅकेट कळत नाही. मित्राची मागून घ्या, दोन गेम खेळा आणि दमल्यावर वीस स्मॅश मारून बघा. शेवटचे पाच नेटमध्ये गेले, तर एक पायरी हलकी घ्या.