आग्नेयेकडे वळलेल्या छत्र्या

सन 1992 च्या सुमारास घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील इमारतींच्या गच्च्यांवर केबलवाल्यांनी ज्या मोठ्या छत्र्या उभारल्या, त्यांपैकी स्टार आणि झी या वाहिन्यांची जी छत्री असे तिचे मुख आग्नेयेच्या अंगास, क्षितिजापासून सुमारे 47 अंश उंच रोखलेले असे; कारण त्या दिशेस, विषुववृत्ताच्या माथ्यावर, 105.5 अंश पूर्व रेखांशाशी, हाँगकाँगमधील एका कंपनीचा एशियासॅट-1 हा व्यापारी दळणवळण उपग्रह होता.

या उपग्रहाचे पूर्वचरित्र विलक्षण आहे. फेब्रुवारी 1984 मध्ये वेस्टार-6 या नावाने तो अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून सोडण्यात आला. परंतु त्याला वरच्या कक्षेत नेणारे इंजिन अल्पावधीतच बंद पडल्याने तो खालच्या कक्षेत निरुपयोगी होऊन भ्रमत राहिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातील अंतराळवीरांनी यानाबाहेर पडून त्याला हस्तगत केले आणि पृथ्वीवर परत आणले. पुढे दुरुस्तीअंती, 7 एप्रिल 1990 रोजी, तो चिनी अग्निबाणावरून पुनश्च आकाशात गेला.

तेथे 35,786 किलोमीटर उंचीवर प्रदक्षिणेस 23 तास 56 मिनिटे लागतात, म्हणजे पृथ्वीला स्वतःभोवती एकदा फिरण्यास लागतो तेवढाच काळ. त्यामुळे सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगाने धावणारा उपग्रहही आपल्याला एकाच बिंदूवर खिळलेला दिसतो. अशा तीन उपग्रहांनी जगभर संदेशवहन साधेल, हे आर्थर क्लार्क यांनी 1945 सालीच मांडले होते. माझ्या मते या स्थैर्यातच उपनगरांतील क्रांतीचे मूळ आहे: उपग्रह सरकत असता, तर त्याचा अहोरात्र माग काढणारी खर्चिक यंत्रणा लागली असती आणि ती एखाद्या सरकारी केंद्रालाच परवडली असती, येथे मात्र छत्री एकदा नीट रोखून बोल्ट आवळले की काम भागत असे. केवळ मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशी येतो, तेव्हा सकाळी काही मिनिटे चित्र विस्कटते. तो दोष ना केबलवाल्याचा, ना टीव्हीचा.

मुंबई दूरदर्शनचा आरंभ 2 ऑक्टोबर 1972 चा. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, त्याच तारखेस, झी टीव्ही सुरू झाली. भारतभूमीवरून उपग्रहाकडे प्रक्षेपण करण्याची मुभा त्या काळी खाजगी संस्थांना नसल्याने कार्यक्रमांच्या टेपा विमानाने हाँगकाँगला जात, तेथून आकाशात चढत आणि सत्तर हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुलुंडच्या गच्चीवर उतरत. उतरलेला संदेश घरोघर पोहोचविण्याविषयी स्वतंत्र कायदा 1995 पर्यंत नव्हता. गच्चीवरून गच्चीवर, झाडांच्या फांद्यांना बांधून, तारा ओढल्या त्या मुख्यतः मोहल्ल्यातल्या धडपड्या तरुणांनीच.

वाहिन्यांच्या मालकांची नावे सर्वांच्या ओठी आहेत. या तरुणांचा वृत्तान्त मात्र कोणत्याही दप्तरात सविस्तर नोंदला जाणार नाही. म्हणून ज्या गृहनिर्माण संस्थांच्या जुन्या कागदपत्रांत गच्चीवर छत्री लावू देण्याचे ठराव शिल्लक असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत आणि पहिली तार ओढणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडून तो इतिहास लिहून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.