डोंगरी मुलुखांतील आगीचा बंब

मुंबईसारख्या शहरांत आगीचा बंब भोंगा वाजवीत निघाला कीं, त्यावरील माणसें कोठून आलीं हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. तीं माणसें रात्रंदिवस ठाण्यावर हजर असतात, त्याच कामाचा त्यांना पगार मिळतो, आणि पाण्याची सोय शहरांत जागोजाग केलेली असते. परंतु जेथें दोन घरांमध्यें मैल-मैल अंतर आहे, जेथें पाण्याचा मोठा नळ गांवाबाहेर पोंचलेलाच नाहीं, तेथें आग लागली तर धांवून येतें कोण? इंग्लंडच्या वायव्य टोकास असलेली कम्ब्रिया कौंटी या प्रश्नाचें मोठें बोधप्रद उत्तर देते.

कौंटी म्हणजे इकडील जिल्ह्यासारखा विभाग. कम्ब्रियाचें क्षेत्रफळ सुमारें ६,८०० चौरस किलोमीटर. लोकवस्ती मात्र अवघी पांच लाखांच्या आसपास. मध्यभागीं सरोवरांचा व डोंगरांचा तो प्रदेश आहे, जो वर्डस्वर्थ कवीमुळें मराठी वाचकांनाहि नांवानें परिचित आहे. रस्ते अरुंद, वळणावळणाचे आणि दोहों बाजूंस दगडी भिंती असलेले. अशा मुलुखांत एकाच मोठ्या शहरांत दहा बंब ठेवून कांहीं उपयोग नाहीं. ते पोंचेपर्यंत घराची राख व्हावयाची. म्हणून लहान लहान गांवांत मिळून तिसांहून अधिक ठाणीं वसविलेलीं आहेत. परंतु प्रत्येक ठाण्यावर चोवीस तास पगारी माणसें बसविणें कोणत्याहि खजिन्याला झेपणारें नाहीं. कारण यांपैकीं कांहीं ठाण्यांना आठवड्यांतून एकादें बोलावणें येणें हेंहि पुष्कळच.

यावर तोडगा निघाला तो असा. ठाणें गांवांत असावें, बंब तयार असावा, आणि माणसें मात्र आपापल्या उद्योगांत असावींत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं ब्रिटनमध्यें लहानमोठीं सुमारें १,६०० अग्निशामक दलें होतीं. युद्धांत, १९४१ च्या ऑगस्टमध्यें, तीं एकत्र करून राष्ट्रीय दल उभारण्यांत आलें. १९४७ च्या कायद्यानें हें काम पुन्हां स्थानिक सत्तांकडे आलें, व १ एप्रिल १९४८ पासून कौंट्यांचीं दलें सुरू झालीं. कम्ब्रियाची कौंटी कौन्सिल १ एप्रिल २०२३ रोजीं विसर्जित झाली व दलाची देखरेख निर्वाचित आयुक्ताकडे गेली. पण वरची व्यवस्था कितीदांहि बदलली, तरी खेड्यांतील व्यवस्थेचा गाभा तोच राहिला आहे.

समजा, एकाद्या दरींतील शेतघरास आग लागली. घरधनी ९९९ हा आंकडा फिरवितो. हा आंकडा प्रथम १९३७ सालीं लंडनमध्यें सुरू झाला. कम्ब्रियांतील हांक ऐकली जाते ती सुमारें शंभर मैल दूर असलेल्या वॉरिंग्टन येथील संयुक्त नियंत्रण-केंद्रांत. तेथून वायव्येकडील चार दलांचा कारभार चालतो. केंद्रांतून इशारा सुटतांच गांवांतील कांहीं माणसांच्या कंबरेचा पेजर वाजूं लागतो. सुतार रंधा खालीं ठेवितो, दुकानदारीण गल्ला बंद करिते, शेतकरी ट्रॅक्टर बांधावर सोडून निघतो. हीं माणसें ठाण्यापासून साधारणपणें पांच मिनिटांच्या अंतरावर राहणारीं वा काम करणारीं असावीं लागतात. त्यांना वर्षाकांठीं थोडी ठराविक रक्कम व प्रत्येक कामगिरीचा निराळा मेहनताना मिळतो. शिक्षण मात्र पूर्णवेळ जवानांच्या कसोटीचें.

येथें खरा महत्त्वाचा आंकडा चार हा आहे. एक नायक, एक गाडी व पंप संभाळणारा, आणि श्वसनयंत्र लावून धुरांत शिरणारे दोघे; धुरांत एकट्यानें जावयाचें नाहीं, हा कडक नियम. चारजण जमले तर बंब निघतो. तिघेच आले तर जळत्या घरांत शिरण्याचें काम त्यांच्यावर सोंपवितां येत नाहीं, आणि पुढच्या गांवच्या बंबास हांक घालावी लागते. त्यांत जाणारीं मिनिटें घराच्या व माणसांच्या जिवावर बेततात.

बंब पोंचला कीं पाण्याची विवंचना सुरू होते. गाडीच्या टाकींत साधारणतः १,८०० लिटर पाणी असतें. मोठी धार सोडली तर मिनिटास चार-पांचशें लिटर जातें. म्हणजे चार मिनिटांत टाकी कोरडी! म्हणून आरंभीं बारीक नळीनें काम भागवावयाचें, आणि तेवढ्यांत ओढ्यापाशीं वा तळ्यापाशीं लहान पंप बसवावयाचा. पंप पाणी ओढतो असें दिसतें. वस्तुतः तो नळींतील हवा काढून घेतो, आणि बाहेरील हवेचा दाब पाण्यास वर ढकलतो. या दाबाची सीमा सुमारें दहा मीटरांची; व्यवहारांत सात-साडेसात मीटरांपलीकडे भरंवसा धरतां येत नाहीं. कोणत्या ओढ्याचा कांठ सखल आहे आणि उन्हाळ्यांत कोणतें तळें आटतें, हें गांवचाच माणूस जाणतो. नकाशावर तें लिहिलेलें नसतें.

आग हें या दलाच्या कामाचें केवळ एक अंग. ओलसर गवत गंजींत रचलें तर तें आंतून तापून आपोआप पेटतें, आणि दिवसच्या दिवस धुमसत राहतें. वसंतांत डोंगरावरील वाळलेलीं झुडपें पेट घेतात. शेणखळग्यांत अडकलेली गाय बाहेर काढावी लागते. अपघातांत चेपलेल्या मोटारीचा पत्रा कापून आंतील मनुष्यास सोडविणें हें तर २००४ च्या कायद्यानें दलाचें बंधनकारक कर्तव्यच ठरलें आहे.

पुरांतून लोकांना सोडविणें मात्र त्या कायद्यांत बंधनकारक म्हणून नमूद नाहीं. तरीहि या कौंटीवर मोठीं संकटें आलीं तीं पाण्याचींच. जानेवारी २००५ मध्यें कार्लाइल शहर बुडालें, तेव्हां खुद्द अग्निशामक ठाण्यांतच पाणी शिरलें. नोव्हेंबर २००९ मध्यें सीथवेट येथें चोवीस तासांत ३१६ मिलिमीटर पाऊस झाला. दोन नद्यांच्या संगमावरील कॉकरमाउथ गांवांत पुरुषभर पाणी चढलें, आणि दोनशेंहून अधिक लोकांना होड्यांनीं व हेलिकॉप्टरांनीं बाहेर काढावें लागलें. वर्किंग्टन येथें पूल कोसळून एक पोलीस शिपाई कर्तव्य बजावीत असतां प्राणास मुकला. डिसेंबर २०१५ मध्यें पुन्हां तीच अवस्था झाली. अशा वेळीं शेजारच्या कौंट्यांचीं दलें, डोंगरांतील स्वयंसेवक बचाव-पथकें आणि लष्कर हीं सर्व एकमेकांस जोडून घ्यावीं लागतात.

तथापि या व्यवस्थेचें खरें दुखणें पूर नव्हे; तें रोजच्या भर दुपारीं जाणवतें. तरुण लोक कामासाठीं दूरच्या शहरीं जातात. सरोवरांच्या कांठचीं घरें सुटीपुरते येणारे श्रीमंत लोक विकत घेतात, किंमती चढतात, आणि गांवांत जन्मलेल्या सुतारास तेथें बिऱ्हाड करणें परवडेनासें होतें. मालकहि काम अर्धवट टाकून जाणारा नोकर ठेवण्यास नाखूष असतात. रात्रीं आठ माणसें हजर, तर दुपारीं तीन. बंब झळझळीत, पण जागच्या जागीं! ही अडचण इंग्लंडभर आहे, आणि निव्वळ भरतीच्या जाहिरातींनीं ती सुटलेली नाहीं.

महाराष्ट्रांत अग्निशामक दलें मुख्यतः महानगरपालिकांचीं व नगरपालिकांचीं. खेड्यास बहुधा जवळच्या शहरांतून येणाऱ्या बंबाची वाट पाहावी लागते. त्यामुळें कम्ब्रियाचा अनुभव इकडेहि विचारांत घेण्याजोगा आहे. गाडी विकत आणतां येते, ठाणें वर्षभरांत बांधतां येतें. परंतु हांकेसरशी धांवणारीं चार माणसें गांवांत हवीं असतील, तर त्यांना त्या गांवांत राहतां येईल इतकें घर आणि इतका रोजगार तेथें असला पाहिजे. आग विझविण्याची तयारी तेथपासून सुरू होते.